वस्तू एक, हक्क दोघांचा

किराणा दुकानात पैसे दिले की व्यवहार संपतो. गहाणाच्या पेढीवर पैसे हातात पडले की तो सुरू होतो. पेरणीच्या तोंडावर एखादी बाई पाटल्या ठेवून तीस हजार रुपये घेऊन जाते. त्या दिवसापासून पाटल्या पेढीच्या तिजोरीत असतात, पण पेढीच्या नसतात. बाईच्या असतात, पण तिच्या हातात नसतात. हे कधी सहा महिने चालतं, कधी तीन वर्षं. वस्तू एक, तिच्यावर हक्क दोघांचा, आणि दोघांनाही तो अपुरा. पेढीवर रोज जी भांडणं होतात ती बहुतेक याच अवस्थेतून निघतात. माणसं तापट असतात किंवा सावकार लबाड असतात, एवढ्यावर त्यांचा उलगडा होत नाही. हे भांडण नीट समजून घेतलं तर काउंटरच्या दोन्ही बाजूंची माणसं समजतात, आणि आपल्यावर दागिना ठेवायची वेळ आलीच तर काय पाहायचं तेही कळतं.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी अशी पेढी सहसा सराफ बाजारातच असते. पुढे सोन्याचांदीचं दुकान आणि त्याच घरातल्या कुणाच्या तरी नावावर सावकारीचा परवाना. आजोबांनी सुरू केलेली, वडिलांनी चालवलेली, आता मुलगा संगणकावर नोंदी करतो ती. एके काळी इथे हंडे, घागरी, पराती अशी तांब्यापितळेची भांडीही गहाण पडत. आज जवळजवळ सगळा व्यवहार सोन्याचा, थोडा चांदीचा. सोनं लहान जागेत मावतं, कुजत नाही, आणि त्याचा भाव रोज सकाळी सगळ्यांना ठाऊक असतो. या तिसऱ्या गुणामुळेच निम्मी भांडणं होतात, ते पुढे येईलच.

गिऱ्हाईक कोण असतं? जून महिन्यात शेतकरी, कारण बी-बियाणं आणि खत उधारीवर मिळेलच असं नाही. त्याच महिन्यात शाळा-कॉलेजच्या फीसाठी पालक. दिवाळीआधी माल भरायला छोटा दुकानदार. विनाअनुदानित शाळेतला पगार थकलेला शिक्षक, रिक्षाची दुरुस्ती निघालेला चालक, दवाखान्याचं बिल भरायला रात्री घरी येऊन दार वाजवणारा शेजारी. आणि सोडवून न्यायला येणारी माणसं वेगळ्या हंगामात येतात: सोयाबीन-कापसाचे पैसे आले की, उसाचं बिल जमा झालं की, आणि सगळ्यांत जास्त लग्नसराईत. मुलीच्या लग्नात आईच्या गळ्यात काही नाही हे चारचौघांत दिसू नये म्हणून माणसं दुसरीकडून हातउसने घेऊन दागिना सोडवतात आणि लग्न झाल्यावर पुन्हा आणून ठेवतात. काही दागिने दर जूनमध्ये आत येतात आणि दर दिवाळीत बाहेर जातात. पेढीवाला त्यांना नुसत्या स्पर्शाने ओळखतो. या माणसांना आळशी किंवा उधळे समजणं हा शहरी गैरसमज आहे. वर्षातून दोनदाच पैसा हाती येणाऱ्या घराला मधले महिने काढायचे असतात, आणि घरातलं सोनं हीच त्या घराची बँक असते.

पहिलं भांडण मोलाचं. गिऱ्हाईक पेपरातला भाव वाचून आलेलं असतं आणि त्याने घरीच गुणाकार केलेला असतो. तराजूवर दागिना ठेवल्यावर जो आकडा निघतो, तो त्या गुणाकाराच्या जेमतेम निम्मा असतो. "शेठ, दोन तोळ्यांची ठुशी आहे, एवढेच?" हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि त्यात राग कमी आणि अपमान जास्त असतो. आपल्या घरच्या वस्तूला कुणीतरी कमी लेखलं, असं त्या माणसाला वाटत असतं.

हिशेब असा आहे. समजा ठुशीचं काट्यावरचं वजन २० ग्रॅम भरलं. ठुशी, बोरमाळ असल्या दागिन्यांचे मणी आतून पोकळ असतात, त्यांत लाख भरलेली असते. शिवाय दोरा, गोंडा, एखादा खडा. नथीत मोती असतात, मंगळसूत्रात काळे मणी. हे सगळं वजा करावं लागतं. समजा चार ग्रॅम गेले, उरले १६. हे सोनं किती कसाचं? पेपरातला मोठा भाव २४ कॅरेटचा असतो, दागिना फार तर २२ कॅरेटचा, आणि आजीच्या काळातला सांध्यांना डाख लावून घडवलेला दागिना २० कॅरेटचाही निघतो. २० कॅरेट म्हणजे चोवीस भागांत वीस भाग सोनं. १६ ग्रॅममधलं शुद्ध सोनं झालं साधारण १३.३ ग्रॅम. आता कर्ज पूर्ण किमतीएवढं कुणीच देत नाही. भाव उतरला तरी मुद्दल आणि व्याज भरून निघावं एवढी जागा ठेवावी लागते. किमतीच्या ७५ टक्के धरले तर कर्ज मिळालं १० ग्रॅम शुद्ध सोन्याच्या मोलाचं. गिऱ्हाइकाच्या डोक्यात २० ग्रॅमचा भाव, हातात पैसे १० ग्रॅमचे, आणि यात कुणीही कुणाला फसवलेलं नाही. मजुरी तर हिशेबात धरतच नाहीत. कारागिराने महिनाभर खपून केलेली नक्षी गहाण ठेवताना शून्य किमतीची ठरते, आणि ते ऐकून जुन्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं.

यात आणखी एक गोंधळ तोळ्याचा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा मासे म्हणजे ९६ गुंजांचा. आज बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. सासूबाईंनी "पाच तोळ्यांचा हार" म्हणून दिलेला असतो, काट्यावर तो ५८ ग्रॅम दाखवतो आणि सून गोंधळते. उलटही होतं, म्हणजे पाच तोळे सांगितलेला हार ४१ ग्रॅम भरतो आणि मग भांडण पेढीवर नव्हे, घरी होतं.

कस पाहायची जुनी पद्धत कसोटीची. काळ्या दगडावर दागिना घासून रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ, आणि दोन्हींवर आम्ल टाकून कुठली रेघ किती टिकते ते पाहायचं. तयार डोळा यातून बऱ्यापैकी अचूक अंदाज काढतो. आता क्ष-किरणांवर चालणारी यंत्रं आली आहेत, पण ती मुख्यतः पृष्ठभागाजवळचा थर वाचतात. जाड मुलामा दिलेला खोटा दागिना यंत्राला चकवतो आणि तो कापून पाहायचा म्हटलं की खरं गिऱ्हाईक चिडतं. टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की आत टंगस्टन भरलेला जाड तुकडा वजन आणि आकारमानावरूनही सहज ओळखू येत नाही. हॉलमार्कमुळे हे भांडण पुढच्या पिढीत कमी होईल. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सराफाला सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण गहाण येणारं सोनं जुनं असतं आणि जुन्या सोन्यावर काहीच छापलेलं नसतं. म्हणून चांगली पेढी एक गोष्ट कटाक्षाने करते: वजन, वजावट आणि कस हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला असेल तर मोलाचं भांडण निम्म्यावर येतं. दागिना आतल्या खोलीत नेऊन तपासणाऱ्या पेढीवर मात्र विश्वास ठेवू नये, मग ती कितीही जुनी असो.

दुसरं भांडण व्याजाचं, आणि ते जुनं आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंगल पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरली. इतिहासात ती दख्खनचे दंगे म्हणून ओळखली जाते. जमावाला मुख्यतः हवी होती ती कर्जखतं, रोखे, हुकूमनामे. कागद मिळाले की ते जाळले जात आणि बहुतेक ठिकाणी गर्दी पांगे. वाचता न येणाऱ्या माणसाला त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिलंय हे माहीत नव्हतं आणि तो कागद कोर्टात मात्र चालत होता, हे त्या रागाचं मूळ होतं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. कर्जाचे करार अधिकाऱ्यासमोर नोंदवणं, भरलेल्या पैशाची पावती देणं, आणि रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे न्यायालयाने तपासणं, या गोष्टी त्यात होत्या. पुढे मुंबईचा सावकारी कायदा १९४६ चा आणि आज लागू असलेला महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ चा. प्रत्येक कायद्याचा गाभा एकच राहिला: लिहा, वाचून दाखवा, पावती द्या.

व्याज सांगायची बाजारातली रीत मात्र अजून जुनीच आहे. "शेकडा दोन रुपये" म्हणजे दरमहा शंभराला दोन, वर्षाला २४ टक्के. ऐकताना दोन हा आकडा लहान वाटतो. राज्य सरकारने २०१४ मध्ये परवानाधारक सावकारांसाठी ठरवलेले कमाल दर असे आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, बिगरशेती कर्जाला तारणावर १५, विनातारण १८. म्हणजे शेतकऱ्याने सोनं ठेवलं तर महिन्याला शेकडा बारा आणे, आणि इतरांना सव्वा रुपया. यापुढचा प्रत्येक पैसा बेकायदा. वीस हजार रुपये आठ महिने वापरले तर १५ टक्क्यांनी व्याज होतं २,००० रुपये. "तीन रुपये शेकडा" म्हटलं तर तेच होतं ४,८००. गावोगावी दुसरा हिशेब चालतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पावतीवर कायदेशीर दर, तोंडी दुसरा. हे चालतं कारण गिऱ्हाइकाला आजच्या आज पैसे हवे असतात आणि घासाघीस करायचं त्राण त्याच्यात नसतं. अडलेल्या माणसाच्या घाईवर कमावलेल्या त्या वरच्या पैशाचं समर्थन कुठल्याही धंद्याच्या अडचणीने होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

व्याजातलं रोजचं किरकोळ भांडण मोडक्या महिन्याचं. चार तारखेला ठेवलेला दागिना पुढच्या महिन्यात पाच तारखेला सोडवायला आला की पेढी अख्ख्या नव्या महिन्याचं व्याज मागते. एका दिवसाचे महिनाभर! यावर आवाज चढतात. शहाणे पेढीवाले दिवसांवर हिशेब करतात किंवा चार-पाच दिवस सोडतात, कारण त्या पन्नास रुपयांपेक्षा पुढच्या जूनमध्ये तोच माणूस परत येण्याचं मोल जास्त असतं. मुंबई इलाख्यात चालत आलेला दामदुपटीचा नियमही गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावा: एका वेळी थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही.

तिसरं भांडण सगळ्यांत नाजूक. दागिना ठेवला एकाने, सोडवायला आला दुसरा. नवरा बायकोच्या नकळत मंगळसूत्राच्या वाट्या ठेवून जातो. सहा महिन्यांनी बायको येते, "भाऊ, माझं सोनं कुणी आणून दिलं तुम्हाला?" सासू सुनेचे गोठ ठेवते. आई गेल्यावर तीन भाऊ एकाच सकाळी येतात आणि प्रत्येकाच्या हातात पावतीची झेरॉक्स असते. पावती हरवलेली असते आणि ती एका मेहुण्याला सापडलेली असते. अशा वेळी पेढीवाला कौटुंबिक न्यायालयाच्या खुर्चीत बसल्यासारखा दिसतो, पण त्याला निवाड्याचा अधिकार नसतो. त्याला इतकंच पाहायचं असतं की आपण ज्याच्याकडून वस्तू घेतली त्यालाच किंवा त्याच्या कायदेशीर वारसालाच ती जाते आहे. म्हणून ओळखपत्र, वारसांचं संमतिपत्र, हरवल्या पावतीसाठी प्रतिज्ञापत्र. गिऱ्हाइकाला हा छळ वाटतो. "आजोबांच्या काळापासून येतोय, आता कागद मागता?" पण हा कागद मागितला नाही तर दुसरा भाऊ उद्या दारात उभा राहतो.

बायकोच्या सोन्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे त्या स्त्रीच्या पूर्ण मालकीचं असतं, नवऱ्याच्या ताब्यात असलं तरी ते त्याच्याकडे विश्वासाने सोपवलेलं असतं, असं सांगितलं. तरीही पुरुषाने मंगळसूत्र काउंटरवर ठेवलं तर "वहिनींना ठाऊक आहे ना?" एवढं विचारणारे पेढीवाले थोडे. जे विचारतात त्यांचा मला आदर वाटतो. एखादं गिऱ्हाईक तुटतं, पण एक घर वाचतं.

याच गटातलं आणखी एक भांडण म्हणजे एकाच माणसाची दोन कर्जं. त्याने मे महिन्यात अंगठी ठेवली आणि जुलैत साखळी. अंगठीचे पैसे घेऊन तो आला तर पेढी म्हणते, "साखळीचं व्याज थकलंय, ते भरा, मग अंगठी." भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचं कलम १७४ सांगतं, की वेगळा करार नसेल तर ज्या कर्जासाठी वस्तू ठेवली त्याखेरीज दुसऱ्या कर्जासाठी ती अडवून ठेवता येत नाही. मात्र पहिल्या कर्जानंतर त्याच माणसाला आणखी पैसे दिले असतील, तर त्या नव्या रकमेलाही आधीची वस्तू तारण आहे असं कायदा गृहीत धरतो. म्हणजे इथे पेढीची बाजूही अगदी पोकळ नाही. दोन्ही पावत्यांवर "हे तारण फक्त या रकमेसाठी" अशी एक ओळ असेल तर हा वाद उद्भवतच नाही.

सोडवताना "हा माझा दागिना नव्हे" असं म्हणणारं गिऱ्हाईकही असतं. वर्षभर अंगावर नसलेली वस्तू परकी वाटते हे खरं, आणि काही वेळा वजनात खरोखर फरक निघतो. यावर उपाय साधा आहे: ठेवतानाच पाकीट बंद करून त्यावर गिऱ्हाइकाची सही, आतल्या वस्तूंची यादी, एकूण वजन, सोडवताना सही तपासून त्याच्यासमोर पाकीट फोडणं आणि पुन्हा काट्यावर घालणं. पेढीवर चोरी झाली तर? कायद्याप्रमाणे पेढीने त्या वस्तूची तेवढी काळजी घ्यायची असते जेवढी शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. तिजोरी उघडी टाकून गेलेल्या पेढीला "चोर आले, आम्ही काय करणार" म्हणता येत नाही.

चोरीचा माल हा पेढीवाल्याचा कायमचा धसका. कॉलेजातला पोरगा आईच्या बांगड्या आणतो, घरकाम करणाऱ्याच्या नावावर दुसऱ्याच कुणाचं लॉकेट येतं. वस्तू चोरीची निघाली तर ती पोलीस मुद्देमाल म्हणून घेऊन जातात, दिलेले पैसे बुडतात, आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला असं ठरलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा. म्हणून अनोळखी माणसाला चार प्रश्न विचारले जातात आणि प्रामाणिक माणूस त्यामुळे दुखावतो. त्याने दुखावू नये. त्याच्याच घरची वस्तू उद्या चोरीला गेली तर हेच प्रश्न तिला परत आणतील.

आता मुदत उलटल्याचं भांडण. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं, व्याजही नाही आणि माणूसही नाही. पेढीने काय करायचं? करार कायद्याचं कलम १७६ दोन वाटा देतं: वसुलीचा दावा लावावा आणि वस्तू तारण म्हणून ठेवावी, किंवा वाजवी नोटीस देऊन वस्तू विकावी. विक्रीत जास्त आले तर वरची रक्कम गिऱ्हाइकाला परत. कमी आले तर उरलेली रक्कम गिऱ्हाईक देणं लागतं. आणि कलम १७७ म्हणतं, की प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत गिऱ्हाइकाला वस्तू सोडवण्याचा हक्क आहे, मुदत उलटली असली तरी. "तारीख गेली, आता दागिना आमचा" हे वाक्य भारतात कायद्याने खोटं आहे. ते ऐकून घरी परतलेली माणसं किती असतील, या विचाराने मन खट्टू होतं.

अमेरिकेत रचना निराळी आहे. तिथे गिऱ्हाईक परत आलंच नाही तर वस्तू दुकानाची होते आणि हिशेब मिटतो. दुकान उरलेल्या रकमेसाठी गिऱ्हाइकाच्या मागे लागत नाही, आणि वस्तू जास्त किमतीला गेली तरी सहसा वरचे पैसेही देत नाही. गिटार, हत्यारं, टीव्ही, सगळंच तिथे गहाण पडतं. लास वेगासच्या एका घरच्या दुकानावरची टीव्ही मालिका २००९ मध्ये आणि डेट्रॉइटच्या बाप, मुलगा, मुलगी मिळून चालवलेल्या दुकानावरची २०१० मध्ये सुरू झाली. त्यांत काउंटरवरची आरडाओरड भरपूर दिसते. ती बरीचशी वस्तू गेल्याच्या दुःखाची असते, कारण तारीख चुकली की तिथे खरंच सगळं संपतं. युरोपात तिसरीच वाट निघाली. इटलीतल्या पेरुजा शहरात फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकाराने १४६२ मध्ये गरिबांसाठी अल्प व्याजाची गहाणपेढी उघडली गेली. पॅरिसची सरकारी गहाणपेढी १७७७ ची, आणि ती आजही चालू आहे. लिलावात जास्तीचे आलेले पैसे तिथे मालकाला परत मिळतात. आपला १८७२ चा कायदा याच्याच जवळचा आहे.

भावाच्या चढउताराने मुदत उलटल्याचं भांडण आणखी पेटतं. भाव वाढला की दोन वर्षं न फिरकलेलं गिऱ्हाईक अचानक येतं. त्याला वस्तू सोडवायची असते किंवा तिच्यावर आणखी पैसे हवे असतात. भाव कोसळला की उलट. १५ एप्रिल २०१३ रोजी आंतरराष्ट्रीय बाजारात सोनं एका दिवसात नऊ टक्क्यांहून जास्त उतरलं, तेव्हा सोनेतारण कंपन्या चिंतेत पडल्या. सोनं नुसती गुंतवणूक असतं तर अशा वेळी माणसांनी ते सोडून दिलं असतं. पण गावच्या पेढीवर माणसं आईची बोरमाळ भाव पडला म्हणून सोडून देत नाहीत, आणि छोट्या पेढ्या टिकण्याचं हे एक कारण आहे.

पेढीच्या आतही भांडण असतं, वडील आणि मुलाचं. वडिलांना प्रत्येक गिऱ्हाइकाचं घर माहीत असतं. कुणाची विहीर आटली, कुणाचा मुलगा दुबईला गेला, कुणाला थांबायला सांगायचं आणि कुणाला आणखी सहा महिने द्यायचे, हे त्यांच्या डोक्यात असतं, वहीत नसतं. मुलाला सगळं वहीत हवं असतं. "बाबा, तुमच्यानंतर मला कोण सांगणार?" या प्रश्नाला वडिलांकडे उत्तर नसतं. गिऱ्हाईक मात्र मुलाशी बोलून झालं की वडिलांकडे वळतं: "काका, तुम्ही बघा जरा." मुलाने नाही म्हटलेलं वडिलांनी हो म्हटलं की दुकान बंद झाल्यावर घरी जेवताना तो विषय निघतो. मला या वादात मुलाची बाजू खरी वाटते. वडिलांची माणुसकी मोठी आहे, पण न लिहिलेली सवलत वडिलांबरोबर संपते, आणि न लिहिलेली लूटही त्याच कोऱ्या वहीच्या आडोशाने चालते. माया करायची तर तीही लिहून करावी.

मुलाच्या घाईला दुसरंही कारण आहे. गावात आता सोनेतारण कंपन्यांच्या शाखा आल्या आहेत. केरळमधल्या कोझेनचेरीत १८८७ मध्ये सुरू झालेला मुथूट घराण्याचा धंदा आणि वालापाडमध्ये १९४९ मध्ये उगवलेलं मणप्पुरम, दोन्ही घरच्याच पेढ्या होत्या, त्या देशभर पसरल्या. तिथे अर्ध्या तासात पैसे मिळतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँका आणि कंपन्यांसाठी नवे निर्देश काढले: गिऱ्हाइकासमोर कस तपासणं, त्याला समजेल त्या भाषेत कागद देणं, कर्ज फिटल्यावर जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत दागिना परत करणं, आणि कंपनीच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे निर्देश खासगी सावकाराला लागू नाहीत. म्हणजे जी शिस्त मोठ्यांना सक्तीने पाळावी लागते ती छोट्या पेढीने आपणहून पाळली तरच ती टिकेल. गिऱ्हाईक ओळखीचं आहे एवढ्या बळावर पुढची पिढी येणार नाही.

कागदाचं मोल किती, हे २०१५ मध्ये दिसलं. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं परवानाधारक सावकारांकडचं कर्ज राज्य सरकारने स्वतः फेडायचं ठरवलं. ज्यांचा व्यवहार परवान्याच्या पेढीवर आणि पावतीवर होता त्यांना त्याचा लाभ घेता येत होता. बिनपरवाना सावकाराकडे, तोंडी बोलीवर सोनं ठेवलेल्या शेजाऱ्याच्या हातात दाखवायला काहीच नव्हतं, आणि बहुधा तोच जास्त अडलेला होता.

तुमच्या घरात आज एखादी गहाणाची पावती असेल तर ती काढून पाहा. तिच्यावर पेढीचा परवाना क्रमांक, दागिन्यांची यादी, एकूण आणि निव्वळ वजन, मुद्दल, वार्षिक व्याजदर आणि तारीख आहे का? नसेल तर पेढीवर जाऊन ते लिहून मागा. कर्जाचं विवरण गिऱ्हाइकाला देणं सावकारावर कायद्याने बंधनकारक आहे. पैसे भराल तेव्हा प्रत्येक वेळी वेगळी पावती घ्या. आणि सावकाराकडे परवानाच नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे, आणि तारण ठेवलेला ऐवज तुम्हाला परत देण्याचा आदेश निबंधक काढू शकतात.